दृष्टांतातला बगळा

कीर्तनकाराच्या पदरी स्वतःचे असे काय असते? अभंग संतांचा, चाल परंपरेची, टाळ-मृदंग गावकऱ्यांचे. स्वतःचे म्हणावे असे थोडेबहुत असते ते दृष्टांत. तत्त्व कितीही थोर असले तरी दृष्टांतावाचून ते श्रोत्यांच्या गळी उतरत नाही. चाळीस वर्षे आम्ही याच भांडवलावर फिरत आलो. त्यात पक्षी पुष्कळ. चंद्रकिरण टिपणारा चकोर, मेघाची वाट पाहणारा चातक, दूध आणि पाणी निराळे करणारा हंस, आणि पाण्याकाठी ध्यान लावणारा ढोंगी बगळा. परंतु यांपैकी एकाही पक्ष्याकडे आम्ही जन्मात कधी घटकाभर नीट पाहिले नव्हते, हे गेल्या पौषात आमच्या ध्यानी आले. ते कसे आले, आणि त्यातून कोणता प्रश्न उभा राहिला, हे सज्जनांपुढे मांडावे म्हणून हा लेख.

पौषात आमचे व्रजात जाणे झाले. बरोबर आमचे एक स्नेही होते. हे निवृत्त शाळामास्तर. त्यांच्या गावच्या सप्ताहात आम्ही पूर्वी कीर्तनसेवा केली होती, तेव्हापासूनचा हा स्नेह. शाळेत ते शास्त्र विषय शिकवीत, आणि पक्षी पाहण्याचा त्यांना मोठा नाद. गळ्यात तुळशीची माळ आणि तिच्यावर दुर्बीण, असा त्यांचा थाट. मथुरा झाली, वृंदावन झाले, गोवर्धनाची प्रदक्षिणा झाली. मग मास्तर म्हणाले, "बुवा, इतके दिवस तुमच्याबरोबर देवळे पाहिली. आता एक दिवस माझ्याबरोबर चला." मथुरेहून भरतपूर तासा-दीड तासाच्या वाटेवर. नाही म्हणणे बरे दिसेना.

भरतपूर कर्कवृत्ताच्या बरेच उत्तरेस. तिकडचा उन्हाळा भाजून काढतो आणि थंडी हाडांत शिरते. सकाळी इतके दाट धुके होते की पुढचा माणूस दिसू नये. घोंगडी गुंडाळून आम्ही आत शिरलो. या वनाला केवलादेव घना म्हणतात. घना म्हणजे दाट रान. आणि आत महादेवाचे जुने देऊळ आहे, त्याच्या नावावरून केवलादेव. सारे मिळून एकोणतीस चौरस किलोमीटरांच्या आसपास. हे पाणथळ पूर्णपणे निसर्गाने केलेले नव्हे. मूळची जागा सखल. अठराव्या शतकात सूरजमल राजाच्या काळी अजान बांध घातला गेला, आणि पुढे संस्थानिकांनी पाटबांध घालून, दारे बसवून या सखल भागाची तळी केली. ती केली बदकांच्या शिकारीसाठी. मारण्यासाठी सजविलेली जागा आज राखण्याची जागा झाली आहे. १९८२ साली ती राष्ट्रीय उद्यान झाली आणि १९८५ साली जागतिक वारशात तिची गणना झाली.

तेथे रिक्षा चालविणारेच पक्ष्यांचे वाटाडे. आमचा रिक्षावाला वयाने आमच्याच बरोबरीचा. आम्ही सवयीप्रमाणे मोठ्याने काही बोलू लागलो, तर त्याने ओठावर बोट ठेवले. "महाराज, इथे त्यांनी बोलायचे, आपण ऐकायचे." चाळीस वर्षांत आम्हांस कोणी गप्प बसविले असेल तर ते या माणसाने.

धुके विरळ झाले तसे एकेक दिसू लागले. पाण्यातल्या बाभळींवर रंगीत करकोच्यांची घरटी, त्यांत वाढलेली पिल्ले, आणि त्यांचा एकच गलका. पाणकावळे पंख पसरून ऊन खात बसलेले. दूर एक सारसांची जोडी. सारस उभा राहिला की माणसाच्या खांद्याला लागतो, क्वचित डोक्यालाही. उडणाऱ्या पक्ष्यांत त्याच्याएवढा उंच दुसरा नाही. एकाने मान वर करून हाक घातली, दुसऱ्याने ती अर्ध्यातच उचलली, आणि दोघांचा मिळून एकच स्वर झाला. वाल्मीकींनी ज्याच्यासाठी शोक केला तो क्रौंच म्हणजे सारसच, असे काही विद्वान मानतात. रामायणाची ती कथा आम्ही शेकडो वेळा सांगितली. पण व्याधाच्या बाणाने नेमके काय तुटले असेल, हे ती हाक ऐकल्यावर कळले.

मग मास्तरांनी गवताकडे बोट दाखविले. "बुवा, तुमचा हंस." आम्ही दुर्बीण डोळ्यांस लावली. राखी अंगाचे, पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पक्षी गाईगुरांसारखे गवत चरत होते. पायांस चिखल. संस्कृतातला हंस तो हाच, असे मानणारे पुष्कळ आहेत. आमचा हिरमोड झाला. कोठे ते नीरक्षीर आणि कोठे हा चिखल! मास्तर हसले. म्हणाले, "दूधपाणी काही हा वेगळे करीत नाही. पण उन्हाळ्यात तिबेट-लडाखच्या तळ्यांवर असतो, आणि थंडीत हिमालय ओलांडून इकडे येतो. सहा हजार मीटरांहून उंच उडताना याची नोंद झाली आहे. तेवढ्या उंचीवर आपल्याला पायरी चढता यायची नाही." आम्ही पुन्हा पाहिले. हंस तोच होता, चिखलही तोच होता. आमचा हिरमोड मात्र गेला.

केवलादेवाचे दर्शन घेतले. देवळाजवळच शिळा उभ्या आहेत. आम्हांस वाटले, दानपत्र असेल. वाचू गेलो तर शिकारींचा जमाखर्च. १९०२ पासून कोणत्या दिवशी कोण मोठा पाहुणा आला आणि किती पक्षी पडले, ते कोरून ठेवले आहे. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या शिकारीत ४२७३ पक्षी मारले गेले. एका दिवसात! आम्ही म्हणालो, "मास्तर, या लोकांना डोळे नव्हते का?" मास्तर म्हणाले, "डोळे होते, नेमही अचूक होता. पण नेम धरणारा पक्षी पाहत नाही, नेमाची जागा पाहतो." हे वाक्य तेव्हा आम्हांस केवळ चांगले वाटले. त्याचा आमच्याशी काही संबंध असेल, असे मनात आले नाही.

पुढे आणखी एक गोष्ट मास्तरांनी सांगितली. पूर्वी आसपासच्या गावांच्या म्हशी या पाण्यात चरत. १९८२ साली त्यांना बंदी झाली. गुरे गेली की पक्ष्यांना सुख होईल, असा हेतू. गावकऱ्यांचा विरोध झाला, गोळीबार झाला, माणसे मेली. आणि झाले काय? म्हशी खात होत्या ते गवत माजले आणि मोकळे पाणी झाकून गेले. पाणपक्ष्यांनाच जागा उरेना. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनी या वनात जवळजवळ दहा वर्षे बसून निरीक्षण केले, तेव्हा ही गोष्ट नीट उघड झाली. हेतू वाईट नव्हता. पण आधी निवाडा आणि मागून पाहणे, असा उलटा क्रम झाला.

दुपारच्या आधी आम्ही एका बांधावर बसलो. मास्तर म्हणाले, "आता पक्षी मोजायचे नाहीत. एकच पक्षी धरायचा आणि तासभर त्याच्याकडेच पाहायचे." कोणता, असे विचारले तर त्यांनी समोर बोट केले. आम्हांस काही दिसेना. वाळके गवत, चिखल, आणि मातीचे एक ढेकूळ. त्या ढेकळाला पिवळा डोळा होता. "हा ढोकरी," मास्तर म्हणाले, "पाणथळीतला आपला भुरा बगळा. मराठीत याला आणखी एक नाव आहे, वंचक." वंचक म्हणजे फसविणारा. आम्ही म्हणालो, "नाव ठेवणाऱ्याने बरोबर ठेवले."

मग आम्ही पाहत बसलो. प्रथम लक्षात आले ते असे की, तो एका पायावर उभा नव्हता. दोन्ही पाय चिखलात होते. डोळा मिटलेला नव्हता. अगदी उघडा होता. मान खांद्यांत ओढून घेतलेली. किती वेळ गेला कोण जाणे. एकदम चोच पाण्यात गेली, रिकामी वर आली. पुन्हा तसाच उभा. दुसऱ्यांदा रिकामी. तिसऱ्यांदाही रिकामी. चौथ्यांदा बोटाएवढी मासोळी मिळाली. ती गिळली न गिळली तोच वरून घारीची सावली गेली, आणि ढेकूळ उडाले. सज्जनहो, आम्ही चकितच झालो! मातीच्या रंगाचा तो पक्षी उडताक्षणी पांढराशुभ्र झाला. त्याचे पंख, त्याची शेपटी सारी पांढरी. बसला की पुन्हा माती.

बाहेरून पांढरा आणि आतून काळा, असे बगळ्याविषयी आम्ही चाळीस वर्षे सांगत आलो. आणि येथे उलटेच. वर माती घेतलेली, शुभ्र ते झाकलेले.

आम्ही मास्तरांस म्हणालो, "रंगाचे सोडा. पण मासा तर खाल्लाच ना! ध्यानस्थ राहायचे आणि मासा गिळायचा, हे ढोंग नव्हे तर काय?" मास्तर म्हणाले, "बुवा, ढोंग म्हणजे काय ते तुम्ही सांगा. तुम्ही शास्त्र शिकलात." आम्ही सांगितले, "असणे एक आणि लोकांस दाखविणे दुसरे, याचे नाव ढोंग." "मग हा कोणाला दाखवितो?" मास्तरांनी विचारले. "हा तर कोणी पाहू नये म्हणून धडपडतो. पाहणारा आला की उडून जातो. ढोंगाला समोर श्रोते लागतात, बुवा." श्रोते तर आमच्यापुढे असतात. पांढरा सदरा, पांढरे धोतर, पांढरे उपरणे घेऊन आम्हीच उभे राहतो. आम्ही गप्प बसलो.

एक सुभाषित आहे. पंपासरोवराच्या काठी रामराय लक्ष्मणास म्हणतात, पाहा हा बगळा किती धार्मिक, कीटकही मरू नये म्हणून हळूहळू पाऊल टाकतो. तेव्हा पाण्यातला मासा म्हणतो की, याने माझे कूळ बुडविले. सहवासात राहणाऱ्याचे चरित्र सहवासात राहणाराच जाणतो. पाठशाळेत हे आम्ही पाठ केले आणि बगळ्याच्या निंदेसाठी वापरीत आलो. त्या बांधावर त्याचा दुसरा अर्थ पुढे आला. माशास बोलण्याचा अधिकार आहे. तो त्या पाण्यात राहतो, त्याचे कूळ गेले आहे. आमचे काय गेले? आम्ही कोणत्या पाण्यात राहिलो? काठावरून जाणाऱ्याने स्तुती केली ती जशी अपुरी, तशीच काठावरून जाणाऱ्याने केलेली निंदाही.

न्यायशास्त्रात दृष्टांताचे लक्षण दिले आहे. ज्या गोष्टीविषयी साधा माणूस आणि परीक्षक या दोघांचे एकमत असते, ती दृष्टांत. शब्दात पहिलेच अक्षर 'दृष्ट' आहे. पाहिलेले पाहिजे. न पाहता दिला तो दृष्टांत नव्हे, तो केवळ चालत आलेला शिक्का.

शिदोरी सोडली. भाकरी अर्धी झाली तेव्हा मास्तर म्हणाले, "बुवा, एक बोलू का? राग मानू नका. आमच्या गावचे तुमचे बगळ्याचे कीर्तन आठवते?"

आठवत होते. चोवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. सप्ताहाच्या चौथ्या दिवशी दुपारी कोणी आमच्या कानाशी लागले की, भजनी मंडळातल्या अमक्या गृहस्थाने सप्ताहाच्या धान्याच्या हिशेबात गडबड केली आहे. त्या रात्री आम्ही बगळ्याचा दृष्टांत रंगविला. उपरणे गुंडाळून, एक पाय उचलून, एक डोळा मिटून आखाड्यात उभे राहिलो, आणि उघडा डोळा नेमका त्यांच्याकडे लावला. नाव घेतले नाही. घेण्याची गरज नव्हती. मंडप हसून हसून लोळला. पुढे कित्येक गावांत 'बगळ्याचे कीर्तन लावा, बुवा' म्हणून आग्रह होऊ लागला, आणि आम्ही तो पुरवीत आलो.

"हिशेबात घोटाळा होता की नव्हता, मला माहीत नाही," मास्तर म्हणाले. "कोणालाच माहीत नाही. वही उघडून पाहायची गरजच उरली नाही. तुम्ही सांगितलेत ना!" थोडे थांबून म्हणाले, "रात्री दोन ते चार हा विण्याचा पहारा त्यांचा असे. सप्ताह सुरू झाल्यापासून त्यांचाच. त्या रात्रीनंतर त्यांनी विणा हाती घेतला नाही. माळ गळ्यात आहे. एकादशी करतात. सप्ताहात येतात, पण मंडपात येत नाहीत. बाहेर पाण्याच्या टाकीजवळ उभे राहून ऐकतात."

आम्ही विचारले, "चोवीस वर्षे तुम्ही हे बोलला का नाहीत?"

"तुम्ही पाहाल असे वाटले नाही," मास्तर म्हणाले. "आज तासभर बगळ्याकडे पाहिलेत, म्हणून बोललो."

मनाने लगेच वकिली सुरू केली. आम्ही नाव कोठे घेतले? दंभावर तर संतांनीही कोरडे ओढले आहेत. दृष्टांत सोडला तर कीर्तन कसे करायचे? बगळ्यास तर काही समजलेही नाही. हे सारे खरे. बगळ्याला आमच्या शब्दांनी काही झाले नाही. परंतु ज्या डोळ्याला समोरच्या पक्ष्याकडे न पाहता त्याच्यावर शिक्का मारण्याची सवय लागते, तोच डोळा उद्या माणसाकडे वळतो. आणि माणसाला समजते. शिळेवरच्या शिकाऱ्यांसारखा आमचाही नेम अचूक होता. आम्हीही नेमाची जागाच पाहिली.

मग दृष्टांत द्यावा की न द्यावा? भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने चोवीस गुरू सांगितले, ज्यावर नाथमहाराजांनी विस्तार केला. त्यांत पक्षी आहेत. कपोत आहे, चोचीत मांस धरल्यामुळे इतरांनी छळलेला आणि ते टाकताच सुखी झालेला कुरर आहे. त्यांतील कपोताची कथा काही स्तुतीची नाही. तो मोहाने जाळ्यात सापडतो. तरीही अवधूत त्याला गुरू म्हणतो. का? कारण तो दोष त्याने स्वतःत शोधला. अवधूताने पक्ष्याकडून घेतले. आम्ही पक्ष्यावर लादले, आणि तेच ओझे दुसऱ्याच्या अंगावर फेकले. संतांचे कोरडेही याच न्यायाने पाहावेत. त्यांनी पतित म्हणून पहिले नाव आपलेच घेतले आहे. तेव्हा आमच्या अल्पमतीला उमगलेला निर्णय असा : दृष्टांत पाहून द्यावा, आणि तो पहिल्याने आपल्यास लावून पाहावा. आपल्यास लागला तर श्रोत्यांपुढे ठेवावा. दुसऱ्याच्या मापाने शिवलेला दृष्टांत कितीही रंगला तरी ते कीर्तन नव्हे.

परतताना उन्हे कलली होती. एका मोकळ्या पाण्यापाशी मास्तरांनी रिक्षा थांबविली. म्हणाले, "येथे सायबेरियातून पांढरे क्रौंच येत. एके काळी शंभराच्या वर. वाटेत मारले गेले, घटत गेले. २००२ साली शेवटची जोडी दिसली. मी दर वर्षी म्हणे, पुढच्या थंडीत जाऊ. पहिल्यांदा आलो तोवर संपले होते." त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. त्या रिकाम्या पाण्याकडे आम्ही दोघे बराच वेळ पाहत राहिलो. आमच्या मनात मात्र पाण्याच्या टाकीजवळ उभा असलेला एक माणूस होता. ते गृहस्थ आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत.

घरी आल्यावर आमच्या गावच्या पाटाकडे लक्ष गेले. उसाच्या कडेला ढोकरी रोज असतो. बहुधा तो पूर्वीपासूनच असेल. बगळ्याचा दृष्टांत आम्ही सोडलेला नाही. परंतु आता त्याचे पंख उघडतात तेथपर्यंत सांगतो, आणि हशा आला नाही तरी चालते.

मास्तरांच्या गावचा सप्ताह चैत्रात असतो. यंदा कीर्तनाचे बोलावणे आले. आम्ही उलट टपाली कळविले की, कीर्तन दुसऱ्या कोणास द्यावे. आम्हांस रात्री दोन ते चार विण्याचा पहारा द्यावा. तो पहारा मंडपाच्या टाकीकडच्या तोंडाशी उभे राहून करू. आधी दिवसा त्यांच्या दारी जाऊन पाय धरणे आहेच. त्यावर ते काय म्हणतील, मंडपात येतील की टाकीजवळच उभे राहतील, हे आम्हांस सांगता येत नाही.

आपल्याला पाहून पाखरे उडाली म्हणून तुकोबाराय कष्टी झाले, आणि त्यांचे भय जाऊन ती अंगावर येऊन बसेपर्यंत स्तब्ध उभे राहिले, अशी आख्यायिका आम्ही कीर्तनात सांगत आलो. ती चमत्कार म्हणून सांगत आलो. आता वाटते, तो चमत्कार नसून आचार आहे. आपल्या भयाने उडालेला जीव हाक मारून परत येत नाही. त्याचे भय सरेपर्यंत आपणच स्थिर उभे राहावे लागते. तो येईल न येईल. उभे राहणे तेवढे आपल्या हाती.

रामकृष्णहरी.